दहाचं नाणं

चौऱ्याण्णव हजार.
त्यातले अकरा बचत गटाचे, परत करायचे.
बाकीचे चिलापीचे, किलोकिलोनं साठलेले,
म्हणून नोटांनाही जरा वास होता.
यमुनानं त्या ठेवल्या होत्या
जाळ्याची शिसं ठेवायच्या डब्यात.

पहिली होडी केत्तूरच्या काठावर पाहिली.
पांढरी, फायबरची, मधोमध सुकाणूचं चाक,
चाकापुढं काच, काचेपुढं स्टीलचा दांडा.
चार हिवाळे तिनं रोहित पक्षी दाखवले होते
पुण्याच्या लोकांना.
मी चाकामागं उभा राहिलो.
चारी बाजूंनी मोकळं,
जाळं कुठूनही टाका, कुठूनही ओढा,
कंबर वाकवायला नको.
मला माझाच फोटो काढावासा वाटला.

मालक म्हणाला, एक दहा. तुमच्यासाठी पंच्याण्णव.
यमुनानं बटव्यातून दहाचं नाणं काढलं,
जेऊरच्या दुकानात कुणी घेत नाही
म्हणून तिच्याकडं उरलेलं,
आणि मडकं घेताना वाजवावं तशी
होडी वाजवत निघाली.
टक. टक. टक. टक.
थप.
मागं आली. टक. थप. थप.
मग चपला काढून आत चढली.
चाकाजवळ तिची टाच किंचित दबली,
पापुद्रा सुटलेल्या भाकरीवर बोट दबतं तशी.
"आतलं लाकूड पाणी प्यालंय."
मालक हसला. "ताई, तुम्ही मासे विकता ना?"
"विकते. आधी कल्ले उघडून दाखवते."

परतताना गाडीवर मी बोललो नाही.
पारेवाडीचं फाटक बंद होतं,
मालगाडी संपता संपत नव्हती,
तेव्हा ती पाठीमागून म्हणाली,
"चाक नंतर बसवता येतं. बूड नाही."
मला पटलं होतं.
तरी गप्पच राहिलो आणखी दोन-तीन किलोमीटर.

दुसरी कुगावात, दगडू मल्लावांची.
बाभळीखाली पालथी, पिवळी,
खाली कोंबड्या बसलेल्या.
बुडावर तळहाताएवढं ठिगळ, रंगही न लावलेलं.
"हे कशानं?"
"शाळेला घासली. मे महिन्यात पाणी उतरतं,
भिंती वर येत्यात.
चौथीपर्यंत तिथंच होतो मी," म्हातारा म्हणाला,
जणू चूक शाळेची नव्हती, होडीचीही नव्हती.

टक टक टक, शेपटापासून नाळेपर्यंत.
ठिगळावर तर जास्तच खणखणीत.
इंजिन टांगायच्या मागच्या फळीला
मी लोंबकळलो, बहात्तर किलो.
फळी कुरकुरली नाही, मीच कण्हलो.
मग चौघांनी उलटवून पाण्यात लोटली
आणि चहा घेतला. दोन वेळा घेतला.
यमुनाला घाई नव्हती,
ती होडीकडं बघत होती,
दुधाकडं बघावं तशी.
तासाभरानं आत उतरून तळफळीखाली हात घातला:
कोरडं. कोंबडीचं एक पीस.

अठ्ठ्याहत्तरला ठरली. इंजिन नाही.
उरलेल्या सोळात वल्ही, दोर,
गटाचे अकरा,
आणि इंजिन पुढच्या वर्षी, मासळी लागली तर.

नोटा मोजून झाल्यावर मी विचारलं,
हे नाळेवरचं नाव पुसू का?
निळ्या अक्षरांत लिहिलं होतं "सुवर्णमाला",
मा ची वेलांटी चुकून दिलेली, मग खरवडलेली.
"लेक माझी. कुर्डूवाडीला नांदतीय."
थोडा थांबला.
"पुसा की. तुमची हाय आता."
यमुनानं माझ्याकडं पाहिलं.
नाव राहिलं.

उन्हं कलताना निघालो,
पाण्यावर वारं नव्हतं.
मी मुद्दाम मधोमध उभा राहिलो,
नसलेल्या चाकामागं,
नसलेल्या काचेतून बघत.

"बस खाली," ती म्हणाली,
"आणि वल्हं धर."