पाणी मानवलं

रुवीच्या दुकानात कुडता एकच होता,
निळा, गळ्याशी पांढरा दोरा.
एस, एम, एल, एक्सएल: सात रियाल.
मग आडवी रेघ, आणि रेघेखाली
साडेआठ.

मी हिशेबाची बाई. टाइल्सच्या कंपनीत एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल टिंब ठेवते.
म्हणून विचारलं, रागावून नव्हे,
हा दीड रियाल कशाचा?
"कापड जास्त लागतं, मॅडम."
नवा होता पोरगा. मान खाली घालून म्हणाला.

मग आमच्या रिसेप्शनची जोसलिन,
मनगट माझ्या दोन बोटांएवढं,
ती एस घेते तेव्हा
एलपर्यंतचं कापड कुठे जातं?
परत मिळतं का तिला, रुमाल म्हणून तरी?
पोराने पाटी पुन्हा वाचली,
न जाणो, मागच्या बाजूला उत्तर असेल.

रुपयात मोजायचं नाही,
हे इथे पहिल्याच महिन्यात शिकवतात.
मी मोजलं.
तेवढ्यात कराडला आई ब्लाउज शिवून घेते,
अस्तरासकट.

आई म्हणते, पाणी मानवलंय हो तुला तिकडचं.
मी फोन जरा उंच धरते.
मागून मावशी: खात्यापित्या घरची दिसते.
वहिनी काहीच म्हणत नाही,
पुतणीच्या लग्नाचं तेवढं सांगते,
ब्लाउजचं माप पाठवा, वन्सं. जुनं नको.

तिकडचं पाणी, आई, समुद्राचं असतं,
मीठ काढून घेतलेलं.
निळ्या टँकरमधून येतं, चव कसलीच नाही.
ते कुणाला मानवायचं?
मला मानवली ती खुर्ची.
रात्री नऊला, गाडीतच बसून,
चीज आणि चिप्स घातलेला पराठा.
ते चार महिने, जेव्हा दाराबाहेर पाऊल
म्हणजे तव्यावर पाऊल.
आणि एक अख्खं वर्ष,
ज्याचं मी कुणाला सांगत नाही.

रशीद मास्टर सियालकोटचा.
माझा आकडा तो कधी ओरडून सांगत नाही,
चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी पालथी ठेवतो.
शिलाईत मात्र पाचशे बैसा वाढवतो,
तेही न बोलता.

एचआरची झुवैना माझ्याहून रुंद होती.
कॉरिडॉरमध्ये आधी तिचं अत्तर यायचं,
मग हसू,
मग ती.
एप्रिलमध्ये तिने पोट कापून लहान करून घेतलं.
दोघी बहिणींनी आधीच केलं होतं.
आता कावा दोन घोट, खजूर अर्धा,
उरलेला अर्धा बोटांत धरून बसते.
सगळे म्हणतात, माशाअल्लाह.
आधीही म्हणायचे,
पण तेव्हा पुढे डॉक्टरचं नाव सांगायचे.

परवा तिने पिशवी दिली, तिचे जुने जलाबिये.
म्हणाली, राग मानू नकोस.
मानला. थोडा.
घरी एक घातला, मोरपंखी,
दोन्ही हात सरळ वर गेले
कुठेही न अडता.
पंख्याखाली तशीच उभी राहिले बराच वेळ.

खिशात बिल होतं, सीबच्या दुकानाचं.
दर, शिलाई,
आणि शेवटच्या ओळीत
"मोठं माप": दोन रियाल.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर ठेवलं.
तिने वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं.
"बेचाळीस किलो परत केले मी," म्हणाली,
"ह्यांनी काय परत केलं?"
आणि हसली, हसताना पोट धरलं,
टाके नव्हते तरी.

बिलावर लाल टिंब ठेवून
मी ते माझ्या ड्रॉवरमध्ये घातलं.
जेवणाच्या सुट्टीत वहिनीला माप पाठवलं.
नवं. सेंटिमीटरमध्ये नाही,
इंचात,
तिला लगेच कळेल असं.