नत्र तोडल्यावर

कागदाची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली,
वास मात्र अजून भिंतींत आहे:
शिजलेल्या लाकडाचा, थोडा गंधकाचा.
त्याच दालनात आता स्टीलची एक टाकी,
कमरेएवढी,
आणि रात्रपाळीला ओर्वोक्की,
जिनं इथंच तीस वर्षं लगद्याची आम्लता मोजली.

बर्चच्या भुशाची साखर करायची,
ती यीस्टला पाजायची.
पहिले दोन दिवस नुसती चंगळ.
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
टाकीत दुधाळ गर्दी.
तिसऱ्या दिवशी नत्र तोडायचं.

"उपाशी ठेवायचं त्यांना,"
तुओमो म्हणाला होता पहिल्यांदा समजावताना.
कोवळा पोरगा, नुकताच डॉक्टर झालेला.
ओर्वोक्कीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
तिच्या घरात हा शब्द असा सहज कुणी काढत नसे.
युद्धात सरहद्दीपलीकडलं घर सोडून आलेली तिची आई
मरेपर्यंत लोण्याचा कागद निपटून
घडी करून ठेवायची.

"उपाशी कशाला," ती शेवटी म्हणाली,
"ताट तर वाढलेलं आहे.
फक्त त्यांना वाढता येत नाही."

पेशी दुभंगायची थांबते.
साखर मात्र येतच राहते,
दारात आलेल्या पाहुण्यासारखी, परत पाठवता येत नाही.
तिचं करायचं काय?
मग ती तेल करते.
आतल्या आत एक थेंब.
तो फुगतो, बाकी सगळा संसार
कोपऱ्यात सरकवतो,
फुगतच राहतो.

पहाटे तीनला ओर्वोक्की नमुना काढते,
तांबडा रंग घालते, भिंगाखाली सरकवते.
निळ्या उजेडात पिवळेधमक गोळे.
बाहेर उणे एकवीस, नदी मुकी.
तिला घरचा फ्रीजर आठवतो:
सात हंगामांच्या लिंगनबेरी, तारखा घातलेल्या,
मुलगा गोथेनबर्गला,
आणि ती अजूनही दर सप्टेंबरला बादली घेऊन रानात जाते.
ती भिंगावरून डोळा काढते.
पुन्हा लावते.

शुक्रवारी पेशी फोडल्या.
कवच चिवट, यंत्र दोनदा अडलं.
आलेखावर शिखरं उठली: पामिटिक, लिनोलेइक,
आणि सगळ्यांत उंच ओलेइक,
ज्याचं नाव ऑलिव्हवरून पडलं,
आणि ऑलिव्हचं झाड तर या गावच्या मातीत
एक हिवाळाही काढणार नाही.

चारशे मिलिलिटर!
तुओमोनं बाटली खिडकीपाशी धरली,
सॅमन माशांच्या खाद्यात, साबणात, वंगणात
कुठं कुठं जाईल ते मोजत राहिला,
आणि टोपी विसरून घरी गेला.
जाताना मागचं दार करकरलं.
नऊ वर्षं करकरतंय.

ओर्वोक्कीनं बूच काढलं.

सोमवारी हिशेब जुळेना.
तुओमोनं दोनदा मोजलं, मग नोंदवही उघडली.
तिच्या तिरक्या अक्षरात, वेळेसकट:
३९८ शिल्लक.
२ मिली, दार.