मोज

सावद्याच्या पॅकहाउसात, तुरटीच्या हौदाला लागून
पत्र्याचं टेबल, त्यावर माझं लोडिंग रजिस्टर.
पुढची पानं पेट्यांची.
मागची पानं फारसीची,
बॉलपेननं, देवनागरीत, चिकाचे डाग पडलेली.

शिकवायला कोणी नव्हतं.
बंदर अब्बासहून बेहरूज आगांचा आवाज यायचा मोबाइलवर,
पंधरा-वीस सेकंद, मागे समुद्र नाहीतर ट्रक;
मी पाच-पाचदा ऐकायची
आणि कानाला जे वाटलं ते उतरवायची.
पहिला शब्द उतरवला : मोज.
म्हटलं, माणूस मोजायला सांगतोय.
मोजल्या पेट्या, पुन्हा मोजल्या,
पंधराशे चाळीस, कळवलं.
तिकडून हसू आलं,
आणि हसण्यामागून एका केळ्याचा फोटो.

मग सावध झाले. ओळखीचा शब्द आला
की आधी कडी लावून घ्यायची, मग विचारायची, कोण तुम्ही?
तरी 'हफ्ते'ला फसलेच.
ते म्हणाले, पैसे येत्या हफ्त्यात.
मी शेठना सांगितलं, हप्त्यांनी देणार म्हणतो.
दोन दिवस शेठ धड जेवले नाहीत,
आणि भरलेला कंटेनर निंभोऱ्याच्या रस्त्यावर
इंजिन चालू ठेवून उभा.
त्यांचा हफ्ते म्हणजे आठवडा, नुसता आठवडा,
सोमवार-मंगळवारचा.

संध्याकाळी रोज एकच वाक्य यायचं आधी :
खस्ते नबाशीद.
दमू नका, असा त्याचा अर्थ,
काम करणाऱ्याला म्हणायची रीत आहे तिकडे.
आपल्याकडे खस्ता आहेत,
पण त्या फक्त खायच्या.
सुगराबाई तडवी सकाळी सहापासून हौदात हात घालून,
बोटं पांढरी, सुरकुतलेली, फण्या धुतेय.
तिला सांगितलं.
"कोन म्हनतं असं?"
केळी घेणारा.
"इतक्या लांबून?"
हात लुगड्याला पुसले तिनं, थोडा विचार केला.
"त्याले सांग, दमली."
मागच्या पानांत शोधून पाठवलं : खस्ते-अम.
माझं पहिलं वाक्य, ज्यात एकही पेटी नव्हती.

तशी ही काही माझी पहिली परकी भाषा नाही.
पहिली चिनावलच्या शाळेत लागली, तिसरीत.
बोंडे मास्तरांनी फळ्यावर हा एवढा ळ काढला,
म्हणाले, म्हण, केळ.
मी म्हटलं, केय.
वर्ग हसला. ज्यांच्या घरी केयच होतं
तेही हसले.
रात्री गोधडीत जीभ मागे दुमडून
मी तो ळ घासला, महिनोन् महिने,
आणि असा पक्का बसला
की एकदा घरी 'केळ' म्हणून गेले
तेव्हा आईनं मान वर करून पाहिलं,
दारात कोणी नवी बाई आल्यासारखं.

परवा आगांनी विचारलं,
तुमच्यात मोजला काय म्हणतात?
मी पाठवलं, केळं.
परत आलं : केलं.
पुन्हा पाठवलं, ळवर जोर देऊन.
केलं, केलं.
काय केलं, बाबा?

जेवणाची सुट्टी होती. गोडाउनात कोणी नव्हतं,
नुसता कूलरचा आवाज.
तरी इकडे-तिकडे बघून घेतलं
आणि तोंडाशी मोबाइल धरून हळूच म्हटलं :
केय.

ते परत आलं जसंच्या तसं,
कुठं खरचटलं नव्हतं.
आमच्या ओट्यावरून कोणी हाक मारावी
तसं.
आणि पाठोपाठ दुसरा आवाज, खुशीतला :
अहो, आमच्याकडे केय म्हणजे 'कधी'!
मग धंद्याचा माणूस, लगेच पुढे,
मोज केय?
केळी कधी?

रजिस्टर ओढलं मी.
पुढून उघडायचं की मागून,
क्षणभर ठरेना.