सोबत जोडले आहे

नकार दीड पानात बसला.
एजंट पिंगळे म्हणाला, ताई, याच्यावर अपील नसतं,
पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा बोटं.
म्हटलं, मराठीत वाच तरी.
त्याने चष्मा कपाळावर चढवला:
'आपण मुदतीत परत जाल
याची आमची खात्री पटलेली नाही.'

खात्री.
एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
मी लोकांच्या रक्ताची खात्री करून दिली.
खाली सही, कुंदा हडकर.
कुणी उलटून विचारलं नाही.

तर साहेब
(साहेब की बाईसाहेब कोण जाणे,
पत्राखाली नुसता आकडा होता)
या खेपेस कागद वाढवले आहेत.
पेन्शनचं पुस्तक तेच, ते काही वाढत नाही.
मध्येच आलेले दोन लाख तुम्हाला खुपले.
ते भिशीचे. भिशीची पावती नसते.
आठ बायकांच्या सह्या घेतल्या आहेत
आणि सरमळकरीणबाईंचा अंगठा.

पत्त्याबद्दल शंका घेतलीत, बरोबर आहे.
कार्डावर काळाचौकी, दुसरा मजला, खोली अठरा.
तिथे आता खड्डा आहे.
पत्र्याच्या कुंपणाआड पाणी साचतं,
एक बगळा येतो.
माझी पत्रं पोस्टमन पानवाल्याकडे ठेवतो.

मायदेशाशी संबंध काय, असं विचारता.
बिल्डरचा करार जोडला आहे, पान सतरा:
अकरावा मजला, चारशे पाच चौरस फूट,
ताबा छत्तीस महिन्यांत.
छत्तीसचे बहात्तर झाले.
दर अकरा महिन्यांनी मी भांडी उचलते,
शिवडी, चेंबूर, आता कांजूर.
आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी
दोन बस बदलून जाते,
फटीतून वर बघते,
अकरावा मजला हवेत कुठे येईल त्याचा अंदाज घेते.
मान दुखते.
परत येणार नाही?
अहो, परत येण्याची तयारी सोडून
सहा वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही.

जाण्याचं कारण: भाऊ.
दामोदर, वय एक्क्याऐंशी, मुक्काम कॉव्हेंट्री.
गाड्यांच्या कारखान्यात गेला तो बहात्तर साली.
आईच्या वेळी आला नाही, रजा नव्हती.
आता फोनवर विचारतो,
कुंदे, नळ गेला का? पिंप भरलंस?
जिन्यातला बल्ब कुणी चोरला गं?
सून सांगते, रात्री उठून दाराबाहेर चपला शोधतात,
शेजारच्या गोऱ्याला म्हणतात, खोली अठरा कुठे?

तो परत आलाय, साहेब.
तिकीट नाही, शिक्का नाही,
आणि आला तोही नेमका त्या चाळीत
जी पाडायला मी सही दिली.
मला त्याला सांगायचंय की,
नाही, सांगायचं काहीच नाही.
शेजारी बसून म्हणायचंय,
हो रे, भरलं पिंप. काठोकाठ.
सहा आठवडे पुरतील.

पिंगळे म्हणाला, हे काढा ताई,
तिकडे कागद लागतात, रडगाणं नाही.
त्याने बगळा खोडला. मान खोडली.
पिंपावर पेन आलं तेव्हा
मी कागदावर हात ठेवला.

लोअर परळला काचेपलीकडच्या मुलीने
बोटं पुसायला टिश्यू दिला.
ठसे उमटेनात.
जन्मभर स्पिरिटने धुतलेली बोटं.
'जोरात दाबा ना, आजी.'
दाबली.
चौथ्या खेपेस हिरवा दिवा लागला.

मग तिने विचारलं,
पासपोर्ट कुठल्या पत्त्यावर पाठवायचा?

म्हटलं, पाठवू नकोस बाळ.
मीच येईन परत.