आधी कंदील

हरिपुरात पेवं होती तेव्हाची गोष्ट.
जमिनीच्या पोटात हळद निजलेली असायची
भाव येईस्तोवर,
आणि तिला उठवायला माझा बाप खाली उतरायचा.

नाव देवाप्पा.
गुरुजी हजेरीला माझं नाव पुरतं वाचायचे,
बापाच्या नावापाशी थांबायचे.
"देवाप्पा! आणि देवच मानत न्हाई?"
वर्ग हसायचा.
नाव आजीनं ठेवलं, त्यात त्याचा काय दोष,
एवढंच मला तेव्हा सुचायचं.

पेवाचं तोंड उघडलं की
खालून कोंडलेला श्वास वर यायचा,
गोडसर, माणूस मारणारा.
मालक नारळ घेऊन उभे, उदबत्ती, कुंकू.
बाप म्हणायचा, फोडा की, माझी ना न्हाई.
पण आधी कंदील.
दोरीला बांधून सोडायचा हात हात,
वाकून बघत राहायचा ज्योत जगती का.
विझली तर कंदील वर. चहा.
तासाभरानं परत.
लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काहीतरी पुटपुटतोय.
तो दोरीचे हात मोजत असायचा.

लोक वाईट नव्हते.
सत्यनारायणाला बोलवायचे, तो जायचा,
मागं चपलांपाशी बसायचा,
शिऱ्याची मूद संपवून सांगायचा, तूप कमी पडलं.
त्यानंच वर काढलेली हळद
दळून देवळात जायची, ती चालायची.
आमच्या दारातलं हळदीकुंकू मात्र
बायका उभ्याउभ्या घ्यायच्या.
"ह्याला भ्याच न्हाई कशाचं," सुवर्णाकाकू म्हणायची,
"असा माणूस उद्या काय करंल, कुणी सांगावं?"
मी कान लावला नव्हता. भिंतच पातळ होती.
भ्या नव्हतं कसं?
ज्योत विझताना त्याच्या कपाळावरची शीर
मी जवळून बघितलेली आहे.

एकदा बाळगोंडांचं पोरगं
नारळ फुटला तसं उतरलं. कंदील वरच.
बाप कमरेला दोर बांधून, श्वास धरून
दोनदा खाली गेला.
दुसऱ्यांदा पोराला घेऊन आला.
बाळगोंडा मातीत लोळून रडले, देव धावला, देव धावला.
बाप बाजूला बसून ओकत होता.

मग पाच साली नदी आली आणि पेवं गेली.
गावात असा एक असला की कृष्णामाई कोपती,
असंही बोलून झालं.
देवळाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या,
ते कुणी काढलं नाही.
बापानंही नाही.

त्या माघात मला बघायला तासगावची मंडळी आली.
त्यांनी विचारलं, घरात कुणी पिणारं?
आणि त्याच दमात, देवधर्म?
आईनं डोळा न हलवता सांगितलं,
"ह्यांचा सोमवार असतो. कडक."
पोहे पुढं आले होते.
बापानं बशी हळूच सरकवली.
पाणीसुद्धा घेतलं नाही, तसाच बसून राहिला
चार वाजेपर्यंत, ऊस आणि पावसाच्या गप्पा मारत.
जाताना त्यातले म्हातारे म्हणाले,
देवमाणूस आहे हो.

रात्री त्यानं भाकरी मागितली.
कांदा बुक्कीनं फोडला.
मी म्हटलं, बाबा, ते तुम्हाला देवमाणूस म्हणाले.
"आता चांगल्या माणसाला दुसरं काय म्हणत्यात,
तेवढाच शब्द हाय त्यांच्याजवळ," तो म्हणाला.
"मीठ दे."

मी मानते का?
खरं सांगायचं तर कंदील अजून खाली सोडलेला आहे,
ज्योत कधी दिसते, कधी नाही.
पण सासरी आल्यापासून सोमवार मी धरते. कडक.
सासूबाई समजतात महादेवाचा.
मी काही बोलत नाही.
दुपारी चारच्या सुमारास
पोटात कुणाची तरी जुनी भूक उठते,
आणि संध्याकाळी सुरी हाताशी असली तरी
कांदा मी बुक्कीनंच फोडते.