एकसष्ट खड्डे

आमच्या दवाखान्यापासून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत
एकसष्ट खड्डे.
पावसाळ्यात वाढतात, निवडणुकीत कमी होतात,
मला पाठ असतात,
पोरांना पाढे असतात तसे.

त्या रात्री धान निसवत होता.
सव्वाबाराला फोन आला तो पुजाऱ्याचाच:
"मण्यार होय जी. म्या पाह्यला. माह्यानं नाही होत, गाडी आना."
तो मंतर घालत बसला असता
तर आमच्या हातांना करायला काही उरलं नसतं.

कुमली, नऊ वर्षांची.
पापण्या उचलत नव्हत्या.
बोलणं जड, मग बोलणंच नाही.
नासिरनं रक्ताची नळी उभी केली, घड्याळ बघितलं.
प्रमिला सिस्टरनं फ्रीजमधल्या कुप्या मोजल्या: चौदा.
कुणी कुणाला "आण" म्हटलं नाही,
जो तो आणतच होता.

दीडला श्वास तुटला.

डॉक्टर लोणारे मे महिन्यात आलेले,
गालावर अजून कॉलेजची दाढी.
नळी घालताना हात थरथरला.
एकदा. दोनदा.
सिस्टरला या कामात एकवीस वर्षं झालेली.
ती एवढंच म्हणाली, "मी मान धरते सर, घाई नाही."
घाई होती.
तिसऱ्यांदा गेली नळी.

मग माझी गाडी.
मागे चार माणसं, एक लेकरू
आणि एक निळा रबरी फुगा.
दाबला की छाती वर, सोडला की खाली.
आरशात मला फक्त डोकी दिसतात.
बाकी सगळं ऐकायचं:
फुस्स. थांब. फुस्स.

मी ओरडायचो, "खड्डा!"
मागे कुणी सलाईन धरायचं, कुणी कुमलीचं डोकं,
आणि ज्याच्या हातात फुगा
त्याला बाकीचे धरायचे.

तेविसाव्या खड्ड्यानंतर आवाज घाईचा झाला.
फुस्सफुस्स, फुस्सफुस्स.
फुगा डॉक्टरांच्या हातात होता.
झुरीबाई, आमची आशा, सहावी शिकलेली,
घरातून कुमलीला पाठीवर आणलेली तिनंच,
म्हणाली,
"हळू जी साहेब. लेकरू होय थे.
तुमच्याएवढा दम नाही लागत त्याले."

मी आरशात बघितलं.
आधीच्या गाडीवर असताना
अशा वाक्यांचं काय होतं ते ऐकलं होतं मी.
डॉक्टर म्हणाले, "मोजा तुम्ही."

ती मोजू लागली. गोंडीत.
उंदी, रंड, मूंद. फुस्स.
उंदी, रंड, मूंद. फुस्स.
हात बदलले, नासिरचे, सिस्टरचे, पुन्हा डॉक्टरांचे,
आकडे तेच राहिले.
माझा पायसुद्धा ॲक्सिलरेटरवर
त्याच भाषेत दबत होता.

नाल्याच्या रपट्यावर पाणी.
नासिर टॉर्च घेऊन उतरला,
चप्पल काढून, पँट गुडघ्यापर्यंत,
पायानं रस्ता चाचपत पुढे निघाला.
मी त्याच्या मागे,
बैलामागे बंडी जावी तसा.
एक हात कमी झाला होता मागे,
मोजणी थांबली नाही.

पहाटे तिथल्या मशीननं
आमच्याकडून श्वास हातात घेतला.
पाचव्या दिवशी तिनं भात मागितला
हे नंतर कळलं.
त्या सकाळी काहीच माहीत नव्हतं.

टपरीवर चहा घेताना
डॉक्टरांची मूठ आपोआप मिटत होती, उघडत होती,
चहा सांडत होता.
सिस्टरनं ग्लास धरून ठेवला त्यांच्यासाठी.
आधी कुणीच हसलं नाही,
मग सगळेच हसलो.

परतताना मागे चौघंही झोपले,
एकमेकांवर कलंडून, बाजाराच्या पोत्यांसारखे.
स्ट्रेचर रिकामं.
मी सवयीनं, अगदी हळू, म्हणालो,
"खड्डा."

झोपेतच सिस्टरनं
नासिरची ओली बाही धरली.