हिरव्याची हद्द

सुनावणी अकराची, सुरू झाली सव्वाबाराला.
मे महिना. सभागृहात चार कूलर
आणि त्यांच्या घरघरीत अर्धी वाहून जाणारी
माणसांची वाक्यं.
भिंतीवर नकाशा, टाचण्यांनी ताणलेला:
निवासी पिवळा, व्यापारी निळा,
आणि उमरेड रोडच्या अल्याड, नाल्याच्या वळणावर
तळहाताएवढा हिरवा.
मनोरंजनासाठी आरक्षित.

तो हिरवा मी भरलाय.
इथे कोणालाच ठाऊक नाही.

पहाटे फिरणाऱ्या मंडळाचे वैरागडे सर उठले,
घडीच्या कागदावरून वाचत राहिले:
शहराची फुप्फुसं, पुढची पिढी,
शेवटी स्वतःचे दोन्ही गुडघे.
टाळ्या पडल्या.
मग कंपनीचा एक तरुण, इस्त्रीचा, शांत:
आरक्षण हटवा असं आम्ही म्हणतच नाही,
मनोरंजनच करू.
लाटांचा तलाव, सहा घसरगुंड्या,
तिकीट साडेपाचशे, सोमवारी सवलत.

मग पंचफुला उईके.
प्लास्टिकच्या पिशवीत बावीस वर्षांच्या पावत्या.
"टॅक्स घेता तवा आमचं घर असते साहेब,
नकाशात पाहता तवा बगिचा.
सांगा ना बाप्पा, मी रोज भाकरी थापतो
ते कोनाच्या मनोरंजनात थापतो?"
लोक हसले. ती हसली नाही.
साहेब म्हणाले, नोंद घेतली,
आणि पेनाचं टोपण लावलं.

सत्त्याऐंशीचा मे असाच होता.
मी अनुरेखक, कारकुनाहून किंचित वर,
टेबलाला खेटून कूलर, वाळ्याच्या ओल्या टट्ट्या.
शिसपेनीची हद्द आखून मिळालेली,
मी ब्रशनं रंग भरत होतो
श्वास धरून, काठापासून आत आत.
कूलरनं एक थेंब फेकला.
हिरवा ओलाच होता.
रेघ ओलांडून पलीकडे गेला,
जसं एखादं पोर
आईचा हात सोडून जातं.
टिपकागद दाबला. तरी तीन मिलिमीटर राहिलाच.
"असू दे रे, हिरवंच तर आहे,"
तेव्हाचे साहेब म्हणाले, चहा फुंकत,
आणि जुनी रेघ खोडून
थेंबाच्या कडेनं नवी मारली.

एका मिलिमीटरात पाच मीटर.
तीन पंचे पंधरा.
पंधरा मीटरांत पुढे
नऊ घरं आली, एक बोअर,
सोमकुवरांचं शिलाई मशीन,
हटवारांच्या छतावर वाळणारी सांडगी मिरची,
दोन बारशी माझ्या माहितीतली,
आणि दरवर्षी चिकटवलेली एक नोटीस.

"दोनशे सतरा!"
शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कळलं, तो मी.
माईक गरम होता.
मी थेंबाचं सांगितलं.
"मोठ्यानं बोला."
मी मोठ्यानं सांगितलं: थेंब. पाण्याचा.
या, अशाच कूलरचा.
वैरागडे सर माझ्याकडे असे पाहू लागले
जणू मी मैदानच चोरलं.
पंचफुलाबाई मात्र पाहत होती
माझ्या उजव्या हाताकडे.
"लेखी द्या," साहेब म्हणाले, "पुरावा जोडा."

थेंबाचा पुरावा.
तो तर त्याच दुपारी वाळला.

संध्याकाळी गेलो तिथे. ऊन उतरलं होतं,
जमीन मात्र वाफा टाकत होती.
पोट्टे खेळत होते, विटांचे स्टंप लावून.
त्यांचे नियम मी नाल्याच्या कठड्यावर बसून ऐकले:
उईकेकाकूच्या ओसरीत बॉल गेला तर दोन रन,
पत्रा वाजला तर आऊट,
काकू झोपली असंल तर तिकडे मारायचंच नाही.
हरकती नाहीत, सूचना नाहीत.
एक बॉल गेला. ओसरीतून
न पाहताच कोणीतरी परत फेकला.

मी उठून पावलं टाकू लागलो,
ओसरीपासून आत, जुन्या रेघेकडे,
सोळा, सतरा, अठरा...
"काय मोजून राह्यले काका?"
मी थांबलो. काय सांगणार.
"बाजूला व्हा ना मग,
पिचवर उभे आहात तुम्ही."